आधी पडायला शिका

घरच्यांनी इंजिनीअरिंग आणि मेडिकल असे दोनच पर्याय समोर ठेवले असतील, तर मी तिसरा सुचवतो. ब्रिटनचे खासदार व्हा. हसू नका. तिथे कायम राहण्याची परवानगी मिळाली असेल, तर भारतीय पासपोर्ट खिशात ठेवूनही उभं राहता येतं. वय १८, दहा मतदारांच्या सह्या आणि ५०० पौंड अनामत. एवढ्यात आपल्याकडे एका प्रभागाचे फ्लेक्ससुद्धा होत नाहीत.

शिक्षण शक्यतो ऑक्सफर्डला घ्या. तिथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असा तिन्ही विषयांचा एकत्र अभ्यासक्रम आहे. कॅमेरन, ट्रस, सुनक हे तिन्ही माजी पंतप्रधान त्यातलेच. तीन विषय असल्याने कुठल्याच विषयाच्या तळाशी जावं लागत नाही, आणि पुढे कुठलंही खातं मिळालं तरी अडत नाही. ट्रसबाईंचा तिसरा विषय कितपत पक्का झाला होता, ते २०२२ मध्ये कोसळलेल्या पौंडाने सांगितलं. बाई ४९ दिवसांत घरी. पदवीनंतर थेट पक्ष कार्यालय, मग एखाद्या मंत्र्याचे सल्लागार. मध्येच कुठे खरी नोकरी करत बसू नका, सवय लागते.

आता मुख्य धडा: पडणे. पक्ष तुम्हाला आधी अशा ठिकाणी धाडेल, जिथे स्वतःचा मतदार दुर्बिणीने शोधावा लागतो. मुकाट्याने जा. थॅचर डार्टफर्डला १९५० आणि १९५१ असं लागोपाठ दोनदा पडल्या. ब्लेअर १९८२ मध्ये बीकन्सफील्डला अनामत घालवून आले. १९९७ ला स्टॅफर्डमध्ये कॅमेरन पडले आणि वेल्समध्ये जॉन्सन. चौघेही पुढे पंतप्रधान! आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक दादाभाई नौरोजीसुद्धा १८८६ मध्ये होबर्नला पडले, तेव्हा कुठे १८९२ मध्ये फिन्सबरीतून निवडून आले. पाच मतांनी. गणितवाल्याला एवढी आघाडी पुरते.

नीट पडलात की सुरक्षित मतदारसंघ मिळतो. साउदॅम्प्टनच्या सुनकांना दूर उत्तरेत यॉर्कशायरचं रिचमंड मिळालं, तसं. गावाचं नाव तेवढं नीट उच्चारा. सभागृहात खासदार ६५० आणि बाकांवर जागा सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे लोकलच्या प्रवासाचा अनुभव इथे कामी येईल. पहिल्या भाषणात आपल्या आधीच्या खासदाराचं कौतुक करायची रीत आहे, मग त्याला तुम्हीच पाडलेलं का असेना. पक्षाच्या व्हिपच्या पत्रकात एखाद्या विषयाखाली तीन रेघा दिसल्या, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं असलं, की विवेकबुद्धी कोटासकट खुंटीला टांगा. बक्षीस म्हणून एखाद्या मंत्र्याचं संसदीय खासगी सचिवपद मिळेल. त्याला वेगळा पगार नाही, पण मंत्र्यांची बॅग सांभाळायला मिळते.

आणि एक दिवस पुन्हा पडाल. घाबरू नका, खरी कमाई तिथूनच. मजूर पक्षाचे बडे नेते एड बॉल्स २०१५ मध्ये पडले आणि पुढच्याच वर्षी टीव्हीवर नाचले. माजी उपपंतप्रधान निक क्लेग २०१७ ला पडले आणि फेसबुकात गेले. माजी अर्थमंत्री ऑस्बोर्नसाहेबांनी तर पडायचीही वाट पाहिली नाही. खासदार असतानाच ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीत आठवड्यातून एक दिवस, वर्षाला साडेसहा लाख पौंड!

मधेच सोडून जावंसं वाटलं तर मात्र पंचाईत आहे. १६२४ च्या ठरावामुळे खासदाराला राजीनामाच देता येत नाही. मग राजाच्या पदरची नोकरी मागायची, म्हणजे खासदारकी आपोआप जाते. त्यासाठी दोन वतनं राखून ठेवली आहेत: चिल्टर्नचे तीन जुने परगणे आणि स्कारबरोजवळची नॉर्थस्टेडची जहागीर. काम शून्य, पगार शून्य. २०११ मध्ये उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या शिन फेन पक्षाच्या गेरी अॅडम्सना खासदारकी सोडायची होती. राणीची शपथ नको म्हणून ते कधी सभागृहात बसलेही नव्हते. त्यांनी साधं पत्र पाठवलं, नोकरीबिकरी काही मागितली नाही. सरकारने त्यांना राणीच्या वतीने नॉर्थस्टेडचे कारभारी नेमून टाकलं.