थर्मामीटर ३२ दाखवतोय, मग?

निसर्गसंवर्धनाच्या दोन दिवसांच्या शिबिरांना आजवर चार-पाच वेळा तरी बसलोय. ओळख, स्लाइड्स, हातमोजे घालून थोडं काम, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. हवामान बदलाला शेवटची वीस मिनिटं, तीही जेवणानंतर, निम्मे लोक पेंगत असताना. पडद्यावर बर्फाच्या तुकड्यावरचं अस्वल. उद्या सकाळी आपण जे काम करणार त्याच्याशी या अस्वलाचा संबंध काय, ते कुणी सांगत नाही.

समुद्री कासवाचंच घ्या. पिल्लू नर की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याच्या बरंच वर गेलं की माद्याच माद्या. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली आला, त्यात लहान कासवांपैकी ९९ टक्के माद्या निघाल्या. शिबिरात आम्हाला काय शिकवलं? अंडं फिरवायचं नाही, वरची बाजू वरच राहू द्यायची, हलवायचं तर घातल्यापासून काही तासांतच. सगळं बरोबर, आणि यायलाच हवं. पण वाळूत खुपसलेला थर्मामीटर ३२ दाखवतोय, मग? जाळीची सावली करायची? पाणी मारायचं? की हात लावायचाच नाही? मी विचारलं. उत्तर आलं, "वरिष्ठांना कळवा." आता गंमत अशी, की नर-मादी उबवणीच्या मधल्या टप्प्यातच ठरून जातं. वरिष्ठांचा निरोप येईपर्यंत तो टप्पा सरला, तर त्या बाबतीत सावली फुकट.

म्हणून माझं म्हणणं, हातांचं प्रशिक्षण पुरे, आता निर्णयाचं द्या. स्वयंसेवकांनाही द्या, कारण पहाटे पाच वाजता तिथे तेच असतात.

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने २०२० साली यासाठी एक चौकट मांडली. बदलाला रोखा, तो स्वीकारा किंवा त्याला दिशा द्या. रोखण्याची आपल्याला सवयच आहे, जे होतं ते तसंच ठेवणं म्हणजे संवर्धन, हे डोक्यात पक्कं बसलंय. अडतं ते स्वीकारण्यापाशी. वर्षानुवर्षं गोड्या पाण्याचं तळं राखलेल्या माणसाला "यात आता खारं पाणी येणार, येऊ दे" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ते सांगायचा आणि ऐकून घ्यायचा सराव एकाही शिबिरात झाला नाही. (पीपीटीत बसत नाही, हे एक कारण असावं.)

एका शिबिरात मागच्या बाकावर एक वनरक्षक बसले होते. कुणी सांगितलं नसताना ते दरवर्षी पहिल्या फुलोऱ्याची तारीख वहीत लिहितात. वहीचे कोपरे दुमडलेले, काही तारखा खोडून पुन्हा लिहिलेल्या, बाजूला बारीक अक्षरात "आधीची चूक, दुसरं झाड होतं". दोन दिवसांत त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. पुढच्या शिबिरात त्यांचंच सत्र ठेवा, असं मी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलं. आयोजकांचं उत्तर अजून आलेलं नाही. सर्टिफिकेट मात्र दोनदा आलं.