गर्दी दिसते, घरी राहिलेले दिसत नाहीत

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. सांगणं थोडक्यात असं : विमानं भरलेली, हॉटेलं भरलेली, पर्यटनावरचा खर्च वाढतोच आहे, जो तो फिरायला निघालाय. म्हणजे महागाईची ओरड खोटी. खरंच ओढाताण असती तर आधी सहल रद्द झाली असती. पगारवाढ मागणाऱ्या माणसाला गप्प करायला हाच मजकूर वापरलेला मी पाहिला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

'विमानं भरलेली आहेत.' आहेतच. पण ती भरतात भाडं वरखाली करून. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एकाच विमानात स्वस्त जागा किती आणि महाग किती ठेवायच्या, या गणितावर सवलतीची भाडी आणली. पुढे साऱ्या धंद्याने ते तंत्र उचललं. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य, त्यामुळे मागणी ढिली पडली की भाडं उतरतं आणि सीट भरते. भरलेलं विमान पाहून आत बसलेल्यांनी किती मोजले, ते कळत नाही.

शिवाय मुळात जागा किती आहेत, तेही पाहायला हवं. २०२४ मध्ये जगभरात सरासरी ८३.५ टक्के सीट भरल्या. हा विक्रम. पण त्याच वर्षी जानेवारीत बोइंगच्या एका उडत्या ७३७ मॅक्स विमानाच्या दाराच्या जागचं झाकण निखळून पडलं आणि अमेरिकी विमान वाहतूक नियामकाने या विमानांचं उत्पादन महिन्याला ३८ वर रोखलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या धातूत दोष सापडल्यामुळे एअरबसची कितीतरी विमानं जमिनीवर उभी होती. हवी तेवढी विमानं नसली की आहेत ती गच्च भरणारच.

'खर्च वाढतोय.' हा आकडा पैशांचा आहे, प्रवासाचा नाही. समजा खर्च १० टक्क्यांनी वाढला आणि भाडी व खोल्यांचे दर १२ टक्क्यांनी. मग लोकांनी प्रत्यक्षात जवळपास २ टक्के कमी फिरून जास्त पैसे दिले. सात रात्रींच्या पाच झाल्या, लांबचं ठिकाण सोडून जवळचं धरलं, हे त्या आकड्यात कुठेच उमटत नाही. ज्या बातमीत महागाई वजा केलेली नाही, त्या बातमीवरून निष्कर्ष काढू नये.

आणि वाढ कशाच्या तुलनेत? २०१९ मध्ये जगात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक होते. २०२० मध्ये ते ४० कोटींच्या आसपास आले. २०२४ मध्ये १४० कोटी. पाच वर्षांनी गाडी कशीबशी जुन्या स्टेशनाजवळ पोचली, एवढंच हे आकडे सांगतात.

'जो तो निघालाय.' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. विमानतळावर उभं राहून जे दिसतात ते निघालेलेच असतात. जे निघू शकले नाहीत ते तिथे नसतातच, मग मोजणार कोण? युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट मात्र त्यांना मोजते. २०२३ मध्ये तिथल्या २८.५ टक्के लोकांना वर्षातून एक आठवडा घराबाहेर सुट्टी घालवणं परवडत नव्हतं. श्रीमंत समजल्या जाणाऱ्या खंडातली ही गोष्ट आहे. २०२० च्या एका अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातले जेमतेम ११ टक्के लोक विमानात बसले. थोडी माणसं पुन्हा पुन्हा उडतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, सगळं जग उडतंय.

'ओढाताण असती तर सहल आधी रद्द झाली असती.' काही घरांत होतेही. पण पुष्कळ घरांत तिकिटं महिन्यांपूर्वी काढलेली असतात, पैसे परत मिळणार नसतात, आणि शाळेची सुट्टी पुढे ढकलता येत नाही. मग काटछाट दुसरीकडे होते. नवा फ्रिज पुढच्या वर्षावर जातो, बाहेरचं जेवण बंद होतं, उरलेलं क्रेडिट कार्डावर चढतं. सहलीचा फोटो सगळ्यांना दिसतो. पुढचे सहा महिने फेडलेला हप्ता कुणाला दिसत नाही.

काही लोकांची कमाई खरोखर वाढली आहे आणि ते जास्त फिरतात, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यावरून बाकीच्यांच्या खिशाचा अंदाज बांधता येत नाही.

गर्दीवरून सुबत्ता मोजणाऱ्यांनी १९३६ चा फ्रान्सचा उन्हाळा आठवावा. जूनमध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी कायद्याने मिळाली, सवलतीची रेल्वे तिकिटं आली आणि कितीतरी कुटुंबांनी त्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. फलाटांवर गर्दी होती. पण देश मंदीत होता आणि सप्टेंबर सरता सरता फ्रँकचं अवमूल्यन करावं लागलं. त्या फलाटांवरून कुणी देशाच्या सुबत्तेचा निष्कर्ष काढला असता तर तो साफ चुकला असता. ती माणसं हक्काची सुट्टी मिळाली म्हणून निघाली होती.