मार लागला नसला तरी प्लीहा फुटू शकते

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पोटाला मार लागल्याशिवाय प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, रक्त गाळणारा अवयव) फुटत नाही, ब्लड कॅन्सर असता तर महिनोन्‌महिने आधी कळलं असतं, डाव्या कुशीतली कळ म्हणजे गॅस, ओवा खाऊन पडून राहा. वर पुन्हा, ऑपरेशन केलं की कॅन्सर पसरतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हा मेसेज कुणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणून लिहितेय.

मार लागायलाच हवा, हे साफ चूक. निरोगी प्लीहा साधारण १५० ग्रॅमची, बरगड्यांच्या आड असते. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) किंवा लिम्फोमात (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) कॅन्सरच्या पेशी तिच्यात साचतात, ती वाढते, आवरण ताणलं जातं. प्लेटलेट कमी असतील तर रक्तही थांबत नाही. मग खोकल्याची उबळ पुरते, कधी तीही लागत नाही. २००९ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त मार न लागता प्लीहा फुटलेल्या ८४५ रुग्णांचा आढावा आला होता. सुमारे ३० टक्क्यांत कारण गाठी किंवा कॅन्सर होतं, सुमारे २७ टक्क्यांत संसर्ग. प्रकार दुर्मिळ आहे, पण होतो.

‘आधी कळलं असतं’ हेही खरं नाही. अ‍ॅक्यूट ल्युकेमिया काही आठवड्यांतच उसळतो. थकवा, कणकण, हिरड्यांतून रक्त. पावसाळ्यात आपण ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडून देतो. काहींमध्ये प्लीहा फुटणं हीच पहिली खूण ठरते. मग रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून लिशमन स्टेन नावाच्या रंगाने रंगवला की मोठ्या, जांभळ्या केंद्रकाने जवळजवळ भरलेल्या ब्लास्ट, म्हणजे अपक्व रक्तपेशी दिसतात. साध्या सीबीसीसोबत (रक्तपेशींची मोजणी) ही काचपट्टी, म्हणजे स्मिअर, पाहिला तर संशय तिथेच येतो.

गॅसचं म्हणणं सगळ्यात घातक. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोटामधला पडदा) डिवचतं आणि दुखतो डावा खांदा. छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडे खांदा दुखला की बाम चोळून माणूस कामाला लागतो. पण पोटात कळ, सोबत घाम, चक्कर, पांढराफटक चेहरा, जलद नाडी असेल तर ओवा नको, लगेच १०८ ला फोन करा.

ऑपरेशनने कॅन्सर पसरत नाही, उलट वाहणारं रक्त थांबतं. काढलेली प्लीहा तपासणीला जाते, निदान अनेकदा तिथेच होतं. टाके निघाले म्हणून तो रिपोर्ट घ्यायचा राहू देऊ नका, आणि प्लीहा गेल्यावर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस या जंतूंविरुद्धच्या लसी कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारूनच घरी जा.