चकव्याच्या मेसेजबद्दल खुलासा

"गोरेवाड्याच्या जंगलात चकवा लागला तर सदरा उलटा घाला अन् चालत राहा, वाट सापडते," असा मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतोय. चकव्याची गोष्ट माझी आजीही सांगायची, बटणं आतून लावून दाखवायची! गोष्ट सांगा, पण चालत राहू नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधकांच्या प्रयोगात माणसांना जीपीएस देऊन जंगलात चालवलं. ढगांनी सूर्य झाकला की ती गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर येत, त्यांना कळतही नसे. आपला चकवा तो हाच. गोरेवाड्यात बिबटे आहेत, अंधारात भटकणं बरं नाही. वाट चुकली की थांबा, ११२ वर फोन करा. सदरा हवा तसा घाला. मेसेज मात्र पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.