पडद्यावरचा कामसू नवरा

बंदुकीचा खेळ असता, तर आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण भाच्याने आणून दिलेला ‘हेवी रेन’ हा व्हिडिओ गेम निघाला गोष्टीचा. गोष्ट म्हटल्यावर आईसाठी खुर्ची आली, शेजारचे काका आले, जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे आले आणि कंट्रोलर माझ्या हातात आला.

पॅरिसच्या क्वांटिक ड्रीम कंपनीने २०१० साली प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रासाठी हा खेळ काढला. मुलं पळवून त्यांना पावसाच्या पाण्यात बुडवणारा एक खुनी आहे. एक बाप, एक पत्रकार बाई, एक एफबीआयवाला आणि एक खासगी गुप्तहेर अशा चौघांची सोंगं आपण आलटून पालटून वठवायची. खुनापर्यंत पोचायला मात्र बराच वेळ लागतो. आधी दात घासावे लागतात. खरंच! कंट्रोलर गदागदा हलवायचा, मग दाढी. त्यात घाई केली की गाल कापतो. मग फ्रिज उघडून संत्र्याचा रस.

“उपाशीपोटी रस? पोहे तरी खा म्हणावं,” आई म्हणाली.

पुढे वाढदिवसाच्या जेवणासाठी मी टेबलावर हलक्या हाताने ताटल्या मांडत होतो, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. नंतर त्या गुप्तहेराच्या रूपात मला एका तान्ह्या बाळाचं लंगोट बदलावं लागलं, तेव्हा मात्र तिने मुलाला हाक मारली, “ये रे, तुझे बाबा काय करतायत बघ. तुझ्या वेळी राहिलं होतं.”

चालण्याची तऱ्हा तर अजब. पाऊल टाकायला एक बटण दाबून धरायचं आणि मान वळवून दिशा द्यायची. मॉलच्या गर्दीत पोरगा हरवलाय, बटण दाबलं की बाप “जेसन!” म्हणून ओरडतोय, आणि तोंड भिंतीकडे. पुन्हा दाबा, पुन्हा “जेसन!”, तेही त्याच सुरात. आमच्या सराफा बाजारात रात्रीच्या गर्दीत असं कुणी ओरडलं असतं, तर लोकांनी पोराऐवजी बापालाच घरी पोचवलं असतं.

पण खेळाची खरी करामत पुढे आहे. खुन्याने पळवलेल्या दुसऱ्या मुलाला वाचवायचं तर पाच मिनिटांत स्वतःच्या बोटाचं पेर कापायचं! बापाच्या मनातले विचार त्याच्या डोक्याभोवती अक्षरांनी घिरट्या घालतात, घाबरला की अक्षरंही थरथरतात. आमच्याकडे ते बाहेरूनही घिरट्या घालत होते. काका म्हणाले, “कुऱ्हाड घे, एका घावात काम.” बायको म्हणाली, “आधी जंतुनाशक शोधा.” आई म्हणाली, “हळद कुठंय बघ.” घड्याळ पळतंय, माझ्या तळहाताला घाम. इतक्या वर्षांत सिनेमाने माझी अशी अवस्था केलेली नाही.

आणि इथे कुणी मेलं की मेलं. डाव पुन्हा मांडायचा नाही, गोष्ट त्या माणसावाचून पुढे सरकते आणि शेवटही बदलतो. एका डॉक्टरच्या घरी आमची पत्रकार बाई मेली ती अशीच. ऐन झटापटीत आईने माझ्या हातात चहा दिला होता. घरात रात्रभर कुणी नीट बोललं नाही.

शेवटी काका उखडले. खुनी कोण ते मी सांगणार नाही. पण रहस्यकथांवर पोसलेल्या माणसाशी हा खेळ लबाडी करतो, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्यांचे विचार आपण ऐकतोय, त्यांच्यातलाच एक जण मनातसुद्धा आपल्यापासून चोरून विचार करतो! शिवाय बाप मधेच शुद्ध हरपतो आणि जागा होतो तेव्हा त्याच्या हातात कागदाची घडी घातलेली आकृती असते. ती आली कुठून? शेवटपर्यंत पत्ता नाही.

“लेखक विसरला,” काका म्हणाले.

“नाही हो,” आई म्हणाली, “त्यालाही कुणीतरी मधेच चहा दिला असेल.”