गुलमंडीकरांना उत्तर: वाडा कुणी मोजला?

गुलमंडीकर, नमस्कार.

उत्तराला तीन आठवडे लागले, त्याबद्दल आधी माफी. तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्या दिवशी राग आला होता. रागाच्या भरात लिहिलेलं लगेच पाठवायचं नसतं, एवढं आता या वयात कळायला लागलंय. नंतर दोन-तीनदा वाचली तेव्हा लक्षात आलं, चार मुद्द्यांपैकी अडीच तुमचेच खरे आहेत.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे औरंगाबादच्या, जुन्या शहरातल्या रस्तारुंदीत नि विक्रीत पाडलेल्या वाड्यांबद्दल गळा काढला होता. त्यावर तिथल्याच गुलमंडी बाजारात राहणाऱ्या या गुलमंडीकरांनी लिहिलं, की दगडांना कवटाळणाऱ्यांनी आधी गल्लीत राहून दाखवावं. वडिलांना अटॅक आला तेव्हा गाडी आत शिरेना, खाटेवर घालून पैठण गेटपर्यंत न्यावं लागलं. शहराला बावन्न दरवाजे म्हणता, मोजून दाखवा. सिडकोत फ्लॅट घेऊन आमच्या गल्लीच्या आठवणी कसल्या काढता? आणि सगळ्यात शेवटी, ‘तुमचा वाडा कुणी विकला तेही लिहा की.’

लिहितो.

पण आधी तुमच्या वडिलांबद्दल. त्या खाटेपुढे माझ्याकडे कसलाही युक्तिवाद नाही. आमच्या आजीलाही शेवटच्या आजारपणात खुर्चीत बसवून चौघांनी बाहेर आणलं होतं, आणि कोपऱ्यावर खुर्ची वळेना म्हणून तिलाच थोडं वाकायला सांगितलं होतं. हे मी लेखात लिहिलं नाही. ओसरी लिहिली, चौकातली तुळस लिहिली, खुर्ची सोयीस्कर विसरलो. तुमचा राग त्या विसरण्यावर आहे, असं मी समजतो.

आता दरवाजे. बावन्नचा आकडा मी लहानपणापासून ऐकत आलो आणि तसाच छापला. त्यात मोठे दरवाजे किती आणि कोटातल्या खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे, किती, हे मी कधी तपासलंच नव्हतं. खात्रीने सांगण्यासारखे मुख्य चार: उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मकाई. त्यातला जालना दरवाजा आज नाही. आणखी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच कबूल करतो. भडकल दरवाजा मी औरंगजेबाच्या कोटाचा भाग म्हणून टाकला होता. तो १६१२ चा, मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारलेला. कोट बांधला गेला १६८२ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. बादशहाच्या खात्यावर त्याच्या शत्रूची कमान जमा केली मी! (नावांचा वाद इथे उकरत नाही. १६१० ची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. पाट्या रंगवणाऱ्यांना या गावात कधी काम कमी पडलं नाही.)

आता वाडा. हो, विकला. २००६ साली. हिस्सेदार आठ होते, सह्या आठ झाल्या, त्यातली एक माझी. बिल्डरने फसवलं नाही, कुणी धमकावलं नाही. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले आणि त्यातच माझ्या सिडकोच्या फ्लॅटचा पहिला हप्ता गेला.

का विकला हे मात्र जरा सविस्तर सांगू द्या, कारण रस्तारुंदी यायच्या कितीतरी आधी तो मनातून पडला होता. आमचं घर माळवदाचं. तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर पांढरी माती. दरवर्षी मृग लागायच्या आत गाडीभर पांढरी आणायची, माळवदावर पसरून चोपायची. आदल्या वर्षीची कुणी काढत नसे. असं पन्नास-साठ वर्षं चाललं की डोक्यावर किती वजन झालं असेल याचा हिशेब करा. आम्ही तो ३० सप्टेंबर १९९३ ला केला. आदल्या रात्री उशिरापर्यंत राजाबाजारच्या संस्थान गणपतीची मिरवणूक बघून आलो होतो. सकाळी रेडिओवर किल्लारीचा भूकंप. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली कितीतरी आपल्याच घराच्या दगडमातीखाली. पेपरात जे फोटो आले त्यातल्या पडक्या भिंती आणि आमच्या भिंती यांत फरक नव्हता. त्या दिवसापासून आई माळवदाखाली झोपली नाही. पावसाळ्यातसुद्धा ढाळजेत, दाराजवळच्या ओसरीत, पत्र्याखाली अंथरूण टाकायची. घरातली बाई छताला भ्यायला लागली की ते घर टिकत नाही हो.

दुसरं कारण भाडेकरू. मागच्या चौकात तीन बिऱ्हाडं होती. मराठवाड्याला तेव्हा १९५४ चा हैदराबादचा भाडेकायदा लागू होता. अख्ख्या राज्याचा एकच कायदा आला तो थेट २००० च्या मार्च अखेरीला. तोवर आमच्याकडे येणाऱ्या वर्षाच्या भाड्यात एक तुळईसुद्धा बदलून झाली नसती. भाडेकरू म्हणायचे, गळतंय, नीट करा. काका म्हणायचे, भाडं वाढवा, मग करतो. दोघंही खरे होते आणि पाणी मधल्या भिंतीत मुरत होतं.

सौदा झाल्यावर बिल्डरने एक लक्कडवाला पाठवला. पांढरी दाढी, कानाला पेन्सिल. एक अख्खी दुपार तो घरभर फिरला. प्रत्येक खांबाला हाताने थोपटायचा, आवाज ऐकायचा, मग टेप लावायचा. बळदाचं, म्हणजे धान्याच्या कोठाराचं, झाकण उचलून आत वाकून बघितलं. देवघराची चौकट नखाने खरवडून म्हणाला, ‘असली सागवान है, इसको दीमक नहीं खाती.’ कागद सापडेना म्हणून आमच्याच घरी पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने यादी केली. खांब १४. तुळई ९. चौकट ११. ढाळजेचं दार १ जोड, कड्यांसकट. खाली घनफूट आणि रक्कम. ती पत्रिका माझ्याकडे अजून आहे.

तुमच्या ‘मोजून दाखवा’ने मला अडकवलं ते इथे. चार पिढ्या त्या घरात राहिल्या आणि ते मोजलं फक्त लाकूड विकत घेणाऱ्याने. आम्ही नाही. सिटी सर्व्हेच्या कार्डावर क्षेत्रफळ आहे, पण जिना कुठे होता, चौक किती खणांचा, नहरीचा, म्हणजे मलिक अंबरच्या जुन्या पाणीयोजनेचा, नळ कुठून आत यायचा, यातलं काहीच कुठे नाही. राजवाड्यांचं तसं होत नाही. मलिक अंबरचा नौखंडा महाल गेला, आज त्या जागेवर मुलींचं कॉलेज आहे, तरी १८८४ च्या गॅझेटियरमध्ये त्याचं वर्णन निदान वाचता तरी येतं. दरवाज्यांचंही अलीकडे बरं चाललंय. स्मार्ट सिटीच्या पैशातून डागडुजी झाली, शहागंजचं घड्याळ दुरुस्त झालं. रंगारगल्लीतल्या रंगाऱ्याच्या घराची नोंद कोण ठेवणार? लेखात मी ‘इतिहास पाडला’ असं ठोकून दिलं होतं. घरं आम्ही मालकांनीच पाडली, बरीचशी नाइलाजाने. ती कशी होती हे लिहून ठेवायला मात्र कुणी अडवलं नव्हतं. आळस आमचा.

आता न पटलेला दीड मुद्दा. आधी त्यातला अर्धा. रुंदी हवीच होती हे मान्य. पण झाल्यावर काय झालं ते तुम्ही रोज बघता. साधारण २०११-१२ मध्ये घरांचे दर्शनी भाग कापले तेव्हा मी मुद्दाम बघायला आलो होतो. एका घराची अर्धी भिंत उभी होती. निळा रंग, त्यात देवळी, देवळीत काजळी, कॅलेंडरचा खिळा, आणि हे सगळं भर रस्त्याला तोंड करून. दोन महिन्यांत तिथे शटर लागलं. परवा संध्याकाळी पैठण गेट ते गुलमंडी चालत आलो. कापलेल्या जागेत आधी दुकानाच्या पायऱ्या, मग मोटारसायकलींच्या दोन रांगा, मग हातगाडे. उरलेल्या रस्त्यात रिक्षावाला नि मी, दोघं एकमेकांना ‘तुम्ही आधी’ म्हणत उभे. तुमच्या वडिलांसाठी मागितलेली जागा होती ती. ती हिरो होंडाला मिळाली. यावर तुम्ही मला नाही, शटरवाल्यांना झापायला हवं होतं.

शिवाय उशीर झाला. वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने आणि सिडको यांनी गावाचा तोल कधीच पूर्वेला आणि पश्चिमेला ओढला होता. मोंढा, म्हणजे धान्यबाजार, जाधववाडीला गेला. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या आत्या अख्खं खेडं घेऊन सराफा आणि मछलीखडकात यायच्या, त्यांच्या सुना निराला बाजार, कॅनॉट करतात. सणावाराला गुलमंडी अजून फुलते, सुपारी हनुमानापुढे पाय ठेवायला जागा नसते, ते खरं. पण बाकीच्या दिवशी दुकानदार गिऱ्हाइकाला ‘गाडी कुठं लावली?’ विचारतो आणि उत्तर ऐकून स्वतःच ओशाळतो.

सिडकोवाल्याने आठवणी काढू नयेत, हे मात्र नाही ऐकणार. तुम्ही राहिलात, मी गेलो, यात तुमचा मान मोठा. पण गेलेल्याचं नाक तिथेच राहतं. पहिला पाऊस पडला की स्लॅबच्या घरात मला अजून पांढऱ्या मातीचा वास येतो, त्याला मी काय करू?

तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, बहुतेक मला चिडवायला: ‘आमच्या दुकानाखाली नहरीचा हौद आहे, वर फरशी टाकलीय, कुणाचं काय अडलं?’ मलिक अंबरच्या नहरीचं पाणी डोंगराकडून उताराने, मातीच्या नळांतून यायचं. मध्ये मध्ये मनोरे बांधलेले असायचे, त्यांत पाणी चढून पुढच्या नळात उतरायचं. पंप नाही, वीज नाही. हे आपण दोघंही शाळेत शिकलो. आणि जायकवाडीचं पाणी आता किती दिवसांनी येतं, हे मी गुलमंडीत राहणाऱ्याला सांगायला नको. त्या नळांचा दुकानात संपणारा शेवटचा तुकडा मी कधी बघितलेला नाही.

फरशी उचलता येते का? अख्खी नको, कोपऱ्याची एक चालेल. रविवारी दुकान बंद असेल तर सकाळी नऊला येतो. बॅटरी आणि टेप मी आणतो, चौकोनी रेघांची वहीसुद्धा. तुम्ही फक्त टेपचं दुसरं टोक धरा.