‘फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे घेतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. कीक्लोक (लॉगिन सांभाळणारं) आणि ओपन पॉलिसी एजंट (कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारं) ही फुकट मिळणारी टूल्स लावून आम्ही पैसे घेतले, त्यांचा कोड हॅकरही वाचू शकतो, परवानग्यांचे नियम लिहायची रेगो भाषा डोक्यावरून जाते, आणि उद्या लायसन्स बदललं तर दाद कोणाकडे मागायची, असं आपण लिहिलंय.

रेगो अवघड आहे, हे खरंच. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेवर हात बसलेल्या माणसाला ती उलटी वाटते. म्हणूनच प्रत्येक नियमासोबत टेस्ट दिली आहे. पण आधी परवानग्या कुठे होत्या? प्रत्येक पानाच्या कोडमध्ये एकेक ‘इफ’ची अट. सियागंज शाखेचा मुनीम लॉगिन करून यूआरएलमधला बिल नंबर बदलायचा आणि छावणी शाखेचं बिल उघडायचं, रेट आणि उधारीसकट. (आता हे बंद झालंय आणि उल्लेख आपणच केलाय, म्हणून इथे लिहितो.) लॉगिन चोख होतं, पण हे बिल याला दाखवायचं का, हे कोणी तपासतच नव्हतं. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत हीच चूक पहिल्या नंबरावर आहे. आता शाखेचा नियम एका फाइलीत आहे आणि ओपन पॉलिसी एजंटकडून उत्तर आलं नाही, तर बिल उघडत नाही.

उघड्या कोडची भीती अनाठायी नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या, उघड्या कोडच्या टूलमध्ये मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) सापडलं, तेही प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांपैकीच एकाने घुसवलेलं. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या पद्धतीने) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड हे इंजिनिअर खोलात शिरले. मुळापर्यंत जाता आलं, कारण कोड समोर होता. बंद पेटीत आम्हाला ती सोय नसती.

सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या टूलचं लायसन्स 2023 मध्ये बदलून कडक झालं, ती धास्ती मलाही आहे. म्हणून आम्ही एका कंपनीऐवजी फाउंडेशनकडे (ना-नफा संस्थेकडे) असलेली, अपाचे या मोकळ्या लायसन्सची टूल्स निवडली. पुढे काहीही झालं, तरी आज हातात असलेली आवृत्ती आपलीच राहते.

राहिले पैसे. टूलचा एक रुपयाही घेतलेला नाही. बिल आहे ते आपल्या माणसांसोबत बसून नियम लिहिण्याचं, टेस्टचं आणि सिक्युरिटी पॅच वेळेवर लावण्याचं. हे काम कोणीतरी करावंच लागतं, टूल फुकट असो वा विकतचं.

सगळे नियम आपल्याच गिट रेपोत (कोड साठवायच्या जागेत) आहेत. उद्या दुसऱ्या कोणाला काम दिलंत तरी आमच्यावाचून अडणार नाही. आपल्या ज्युनियर मुलांना घेऊन विजयनगरच्या ऑफिसात या. रेगो शेजारी बसून शिकवू, त्याचे पैसे नाहीत.